आण्णांची ठासणीची बंदूक

गेल्या सुगीच्या तोंडावर कळंब्याला आमच्या घरी राधानगरीकडचा एक तरुण शेतकरी आला. डुकरांनी एका रात्रीत त्याचे अर्धा एकर भात लोळवले होते.

"साहेब, डुकराला एक आन् गव्याला एक, अशा दोन बंदुका घ्याव्यात म्हणतो. कुठल्या घेऊ?"

कृषी विस्तार अधिकाऱ्याला लोक बियाण्याची जात विचारतात, बंदुकीची जात विचारणारा हा पहिलाच. पण मला हसू आले नाही. लहानपणी हेच वेड मलाही होते.

दहा-बारा वर्षांचा असताना आण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय दाखवले. पेंढा भरलेली जनावरे आणि जुनी हत्यारे पाहून मी हरखून गेलो. आण्णांना त्यातले कळत असे. ते म्हणाले, "पाखराच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. छर्रे उडतात, पण चाळीस-पन्नास पावलांपुढं जोर सरतो. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारखे आटे असतात. गोळी गरगरत जाते, म्हणून लांब आन् सरळ जाते." एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या आणि त्यातली एक नळीत बरोबर बसली, की ती बारा बोअर, हेही त्यांनीच सांगितले. हरणाला हलकी रायफल पुरते. नर गवा मात्र हजार किलोपर्यंत भरतो. त्याला हलकी गोळी लागली तर तो मरत नाही, चवताळतो. शाहू महाराजांच्या काळी काळविटावर तर शिकवलेले चित्ते सोडत. जनावर तसे हत्यार! मोठेपणी आपणही अशा बंदुका जमवायच्या, असे मी मनाशी ठरवून टाकले.

आमच्या घरी बंदूक एकच होती. ठासणीची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचे आणि केप बसवायची. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर शिवार ओलांडून जाई.

उन्हाळी भुईमुगाचे दिवस होते. रात्री मी आण्णांबरोबर माळ्यावर बसलो होतो. बॅटरी माझ्या हाती. बांधाशी खसखस झाली. आण्णा कुजबुजले, "आधी उजेड मार." उजेड पडला तर डुक्कर पळेल आणि बार बघायला मिळणार नाही, म्हणून मी बटण दाबलेच नाही. पुन्हा खसखस झाली आणि आण्णांनी बार काढला.

"मेलो रं!"

शेजारच्या रानातले तात्या दारं धरायला आले होते. छर्रे पिंडरीत घुसले. रातोरात बैलगाडीतून त्यांना दवाखान्यात नेले. जीव वाचला, पाय अधू झाला तो झालाच. आण्णांनी पोलिसांत सगळा दोष स्वतःवर घेतला. बॅटरीचा शब्दही काढला नाही. बंदूक जमा झाली, ती त्यांनी पुन्हा मागितली नाही. पुढे हातपाय चालेतोवर दरसाल तात्यांचे रान आधी नांगरले आणि मग आपले. माझे वेड त्या रात्रीच उतरले.

हे सारे त्या तरुणाला सांगितले. कायदाही सांगितला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. डुक्करसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, मग गव्याचे नावच नको. संस्थानी शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ पासून गव्यांचे अभयारण्य आहे. परवाना मिळाला तरी २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

मग करायचे काय? नुकसान होताच वनखात्याला कळवावे, पंचनामा करून घ्यावा, भरपाईचा अर्ज सातबाऱ्यासह द्यावा. चार-पाच जणांनी मिळून सौर कुंपण करावे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकून मागे फिरते. घरच्या लाइटीची तार मात्र कुंपणाला कधीही जोडू नये. तिला जनावर आणि माणूस यातला फरक कळत नाही. राखण पाळीपाळीने करावी आणि रात्री पाणी कोण पाजणार, हे शेजाऱ्याला दिवसाच विचारून ठेवावे.

तो उठताना म्हणाला, "म्हंजी साहेब, घेऊ तरी काय?"

"चांगली बॅटरी घे," मी म्हणालो. "आणि खसखस ऐकलीस, की आधी उजेड मार."