तिसरी ट्रॉली

“पहिल्या दोन ट्रॉल्या झकास निघत्यात. तिसरीपासनं खारी पांढरी पडती. आकडा बघाल तर दोनशे दहाच हाय.”

मामांनी एक खारी मोडून दाखवली. वरचे पदर फुललेले, मधले मात्र ओलसर, एकमेकांना चिकटलेले. पुण्यात लष्कर भागातली ही जुनी बेकरी. डिझेल बर्नरवर चालणारा रोटरी ओव्हन. आत ट्रॉली गोल फिरते आणि गरम हवा तिच्याभोवती खेळती राहते. मालकांनी दीड महिन्यात दोन प्रोब बदलले होते. तिसरा खोक्यातून काढून ते माझी वाटच बघत होते. “एवढा टाका आणि मोकळे व्हा,” म्हणाले.

तो टाकला असता, तर पहिल्या दोन ट्रॉल्या छान निघाल्याही असत्या. त्या रोजच तशा निघत होत्या.

प्रोब आतून तुटला की कंट्रोलरवर ‘ओपन’ येतं, बर्नर बंद होतो आणि सगळ्यांना कळतं. त्या बिघाडाची मला कधी धास्ती वाटली नाही. धास्ती वाटते ती पंधरा-वीस अंशांनी चुकलेल्या, पण ठाम दिसणाऱ्या आकड्याची. आकड्यावर सगळे विश्वास ठेवतात आणि बोल लागतो तो कारागिराला. इथेही मैद्याला, लाटण्याला आणि शेवटी मामांच्या हाताला नावं ठेवून झाली होती. इतकी वर्षं खारी करणाऱ्या माणसाला ते ऐकून घ्यावं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

प्रोब पीटी हंड्रेड जातीचा होता. स्टीलच्या नळीच्या टोकाशी प्लॅटिनम असतं. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. म्हणजे एका ओहमचा घोळ झाला, की आकडा अडीच अंशांनी हलतो. हा ओहम ढिल्या स्क्रूतून येतो, काळ्या पडलेल्या तांब्यातून येतो. प्लॅटिनमचा कुठला आणि गंजाचा कुठला, हे कंट्रोलरला ओळखता येत नाही. लांब वायरीचा रोध मोजमापात मिसळू नये म्हणून प्रोबला तीन तारा देतात, दोन लाल आणि एक पांढरी. दोन्ही लाल एकाच टोकाला जोडलेल्या असतात. त्यांच्यावरून कंट्रोलर वायरीचा रोध ताडतो आणि वजा करतो. तिन्ही तारा सारख्याच असतील, असं तो धरून चालतो.

पहाटे ओव्हन थंड असताना मल्टिमीटर लावला. लाल-लाल एक ओहमच्या आत, लाल-पांढरी १११. बेकरीत तेव्हा २८ अंश होते, म्हणजे हिशेब चोख. आधीच्या मिस्त्रींनीही हेच मोजलं असणार. पण मामांची तक्रार थंड ओव्हनची नव्हतीच. मी बाकड्यावर बसलो आणि तिसऱ्या ट्रॉलीची वाट बघितली.

असं थांबायला मी महाबळेश्वरात शिकलो. काम शिकलो मुंबईत, प्रोब तपासायची रीतही तिथलीच: बर्फाच्या लगद्यात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात उकळत्या पाण्यात प्रोब पंचाण्णवच्या आसपास अडकला आणि मी तो बाद ठरवला. नवा लावला, तोही तिथेच अडकला. तेव्हा तिथला आचारी म्हणाला, “साहेब, वर डाळ शिजायला वेळ लागतो.” साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी शंभरापर्यंत पोचतच नाही, ते त्याला रोजच्या स्वयंपाकातून ठाऊक होतं. पुण्यातही ते ९८ अंशांनाच उकळतं. त्यानंतर भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय मी पाना हातात घेतलेला नाही.

    

तिसरी ट्रॉली आत गेली. माझ्या थर्मामीटरची बारीक तार मी प्रोबला लागून सोडली होती. पॅनेलवर २१०, माझ्याकडे १९०. बर्नर बंद केला, कंट्रोलरच्या तारा सोडवून मोजलं: १८०ला थोडे कमी ओहम. लगेच मागे जाऊन प्रोबच्या डोक्याशीच मोजलं: १७२. १७२ म्हणजे १९० अंश. प्लॅटिनम खरं सांगत होतं. मधल्या चार मीटर वायरीत सातेक ओहम कुठून तरी भरले होते.

वायर हाताने चाचपत गेलो. बर्नरच्या मागे, पत्र्याला टेकून, टेपची एक गाठ लागली. टेप वितळून पुन्हा कडक झालेली, नखाने सोलताना तिचे काळे पापुद्रे निघाले. आत पांढऱ्या तारेला कुणीतरी साधी तांब्याची तार नुसता पीळ देऊन जोडली होती. पीळ काळाठिक्कर, बोटाने हलवला की सैल. थंड असताना तो तग धरून होता. पत्रा तापला की त्याचा रोध वाढायचा, तोही एकट्या पांढऱ्या तारेत, त्यामुळे कंट्रोलर तो वजा करू शकत नव्हता. तो वाढीव रोध त्याला उष्णता वाटायची आणि तो बर्नर लवकर बंद करायचा.

सगळी वायर काढून टाकली. काचतंतूच्या वेष्टणाची, मध्ये कुठेही जोड नसलेली नवी तीन तारांची केबल टाकली, टोकांना लग दाबून बसवले आणि ती पत्र्यापासून दूर बांधली. खोक्यातला प्रोब खोक्यातच राहिला.

दुपारच्या पाळीची तिसरी ट्रॉली निघाली, तेव्हा मालकही येऊन उभे राहिले. मामांनी मधल्या थाळीतली खारी उचलली, कानाजवळ नेऊन मोडली आणि दोन्ही तुकडे मालकांच्या हातावर ठेवले. मग ते टायमरपाशी गेले आणि गेला दीड महिना तिसऱ्या ट्रॉलीपासून वाढवत असलेली पाच मिनिटं त्यांनी काढून टाकली.