राजाचे पाय

माझ्या टेबलावर, बांगला शब्दकोशांच्या पुढे, इंग्लंडच्या राणीची रोल्स रॉइस उभी आहे. फँटम फाइव्ह. ‘स्पॉट-ऑन’ने साठच्या दशकात बेलफास्टमध्ये बनवलेलं खेळणं, प्रमाण १:४२. मागच्या सीटवर राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप. राणीच्या खऱ्या गाडीला नंबरप्लेट नसे आणि बॉनेटवर रोल्सच्या नेहमीच्या परीऐवजी घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज बसे. किंमत आईला सांगितलेली नाही. एका कादंबरीच्या अनुवादाचं अर्धं मानधन गेलं.

जादवपूरला माझ्याबरोबर तौलनिक साहित्य शिकलेला एक मित्र घरी आला की गाडीकडे बघून हसतो. “दिवसभर वसाहतवादावर लिहितेस आणि संध्याकाळी राणीची धूळ पुसतेस?” यावर मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही. बाबांना तर असला प्रश्नच पडला नसता.

हा नाद त्यांचा. १९८६ साली चोरबाजारातून त्यांनी ‘लेस्नी’ची राज्याभिषेकाची बग्गी आणली. आठ घोडे, त्यातल्या एकाचा पाय मोडका, सोनेरी रंग बराचसा उडालेला. १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी लेस्नीने हिचीच एक छोटी आवृत्ती काढली. ती दहा लाखांहून जास्त खपली आणि त्या पैशावर ‘मॅचबॉक्स’ गाड्यांचा धंदा उभा राहिला. आमची मात्र मोठी. बाबा रविवारी ती जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसत आणि मला खिडकीतून राणी दाखवत. एकटीच बसलेली.

ती एकटी नाही, हे मला बाबा गेल्यावर कळलं. बग्गीचा साचा राजा सहावा जॉर्ज हयात असताना बनला होता आणि आत राजा-राणी दोघं होते. ६ फेब्रुवारी १९५२ ला राजा वारला. मग साच्यातून त्याला कमरेपासून वर काढून टाकलं. पाय तसेच राहिले. पुढच्या बग्ग्या तशाच ओतल्या गेल्या. संग्राहकांच्या पुस्तकात हे वाचलं आणि रात्रीच टॉर्च घेऊन बसले. राणीशेजारी खरंच दोन पाय होते. बाबांनी वीस वर्षं ती बग्गी पुसली. त्यांना हे सांगायला हवं होतं.

मग आईला उठवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ आत पाहिलं.

“आणि वरचा भाग?”

“राजा वारला ना.”

“मग पाय कशाला ठेवले?”

“नवा साचा परवडला नसेल.”

“हं,” म्हणाली. बग्गी दोन्ही हातांनी उचलून फडताळात आत, भिंतीला लावून ठेवली आणि टॉर्च बंद केला.

मुंबईचं घर सोडून कलकत्त्याला माझ्याकडे येताना तिने बाबांच्या चपला बरोबर आणल्या. दाराशी असतात. त्या टाकून देऊ या, असं मी दिवाळीपासून म्हणत होते.