अभनपूरला व्हर्जिल

२२ जून २०२५
नात रायपूरहून मेमू गाडीनं अभनपूरला आली. मार्चअखेर ही गाडी सुरू झाल्यापासून तिचं येणं वाढलंय. बी.ए.ला संस्कृत आहे तिचं. माझं कॉलेजातलं लॅटिनचं पुस्तक कपाटातून काढून म्हणाली, "आजोबा, हे शिकवा ना. पण इंग्रजीतून नको."

मुंबईला आम्ही लॅटिन शिकलो ते इंग्रजीच्याच वाटेनं. इंग्रजी नामांना विभक्त्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकून आलेल्या मुलांना षष्ठी म्हणजे काय, हे त्या भाषेतून नव्यानं समजावलं जाई. सीझरची गॉलमधली युद्धं वाक्यावाक्यानं सोडवली, गुण मिळवले. वाङ्मयाची गोडी लागली ती पुढे, एकट्यानं वाचताना.

२५ जून
लॅटिनच्या विभक्त्या सहा. तृतीया आणि पंचमीचं काम एकच रूप करतं, सप्तमीचंही बरंचसं त्याच्याच गळ्यात. आपली सति सप्तमी तिथं याच रूपात येते, हे सांगितल्यावर पोरगी आपणहून वाक्यं लावू लागली. आम्हाला यासाठी किती दिवस झगडावं लागलं होतं!

फादर स्टीफन्सनी १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं, त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं आहे. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या कलकत्त्यातल्या भाषणाच्या दोनशे वर्षं आधी! स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून झालं. लॅटिन शिकलेला इंग्रज मराठीत ओव्या रचतो, तर मराठी मुलीनं त्याच वाटेनं उलट का जाऊ नये?

१२ जुलै
सीझर बाजूला ठेवला. थेट रोमन कवी व्हर्जिलचं 'जॉर्जिक्स' घेतलं. इसवीसनपूर्व २९ च्या सुमारास पुरं झालेलं, चार सर्गांचं शेतीकाव्य: पिकं, झाडं नि द्राक्षवेली, गुरं, मधमाश्या. यादवी युद्धांनी शेतं ओसाड पडली होती, सैनिकांना जमिनी वाटताना जुने मालक हुसकले गेले होते. ते दुःख ओळींखाली सतत आहे.

पीक फार माजलं तर पुढं लोळू नये म्हणून कोवळेपणीच गुरांना चारावं, असं कवी म्हणतो. शेजारच्या मंडलकाकांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. इथं बियासी करतात, म्हणजे उभ्या धानातच नांगर घालतात. नवख्याला वाटतं, पीक मोडलं. पण त्यानं तण मरतं, रोपं विरळ होतात नि मग फुटवा धरतात.

दुसऱ्या सर्गात काळं आबनूस फक्त भारतात होतं, असा उल्लेख आहे. आपल्याकडं विडीसाठी ज्याची पानं खुडतात तो तेंदू त्याच कुळातला. त्याचाही गाभा काळा. नात म्हणाली, "म्हणजे त्याला आपलं जंगल ऐकून माहीत होतं!" तेवढं मी म्हणणार नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर झाड होतं, आणि वाचताना ते असावं लागतं.

२४ जुलै, हरेलीचा सण
सकाळी गावात नांगर, कुदळी, रापा (फावडी) धुऊन पुजले. पोरं गेड्यांवर, बांबूच्या उंच पायांवर, चालत होती. पहिल्या सर्गात व्हर्जिल शेतकऱ्याच्या अवजारांना शस्त्रं म्हणतो, एकेक मोजतो, आणि एल्मचं झाड जंगलात असतानाच वाकवून नांगराचं लाकूड कसं तयार करावं तेही सांगतो. तो भाग आज लावला. कॉलेजातल्या शिकवणीत हा कवी पहिल्या वर्षीच हवा होता, आणि शेजारी संस्कृतचं व्याकरण उघडं. नातीनं विभक्त्यांचा तक्ता मराठीत मांडायला घेतलाय; तिच्या वर्गातल्या दोघींना हवा आहे. क्रियापदांचा तक्ता मी करतो म्हटलं.