गाडीच्या आतली जागा

फरशीवर खेळण्यातली गाडी पळवणारं मूल थोड्या वेळाने हमखास आडवं होतं. गाल जमिनीला टेकवतं, एक डोळा मिटतं आणि दुसरा पार चाकांच्या उंचीवर आणतं. हात गाडी ढकलतोच आहे, तोंडाने इंजिनाचा आवाज चालूच आहे. पण आता पलंगाचा पाय इमारतीएवढा दिसतो आणि दोन फरश्यांमधली फट रस्त्यावरचा पट्टा होते. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मोठेपणी सिम्युलेटरचं, म्हणजे पडद्यासमोर स्टिअरिंग धरून गाडी चालवण्याचं, वेड लागतं, त्याचं मूळ मला या हालचालीत दिसतं. वेगाची हौस, जिंकण्याची ईर्षा, यंत्राची ओढ ही कारणं नेहमी सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण त्या सगळ्यांच्या आधी मुलाला गाडीच्या आत जाऊन बसायचं असतं. हातातल्या गाडीत सगळं असतं, फक्त आपल्याला बसायला जागा नसते.

खेळण्यांकडे या नजरेने पाहिलं तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. १९६८ साली आलेल्या हॉट व्हील्सच्या गाड्या उतारावरून सुसाट सुटत, कारण त्यांचे आस बारीक तारेचे होते आणि चाकांचं घर्षण फार कमी. म्हणजे वेग खरा, वजन खरं, उलटणंही खरं. खोटा होता तो फक्त चालक. १९५७ साली इंग्लंडमध्ये आलेल्या स्कॅलेक्स्ट्रिकने मुलाच्या बोटाखाली वेग दिला. गाडी खाचेतून धावायची, वळणावर बोट सैल केलं नाही की खाच सोडून बाहेर जायची. मुलगा अजून बाहेरच होता, पण चूक आता त्याची स्वतःची होती. आपल्याकडे ही महागडी खेळणी फार थोड्या घरांत पोचली. बाकीच्यांनी सायकलचा जुना टायर आणि एक काठी घेतली, आणि माझ्या मते त्यांना अधिक चांगलं खेळणं मिळालं. टायर वेगात असला की सरळ जातो, मंदावला की डगमगतो. वळवायचा तर काठी बाजूने टेकवून किंचित कलता करावा लागतो, जास्त कलला की आडवा. किती टेकवायचं हे हाताला कळावं लागतं, सांगून समजत नाही. सिम्युलेटरच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस हेच शोधत असतो. फरक इतकाच की इथे चालक खरा आहे आणि रस्ता, टायर, वजन हे सगळं गणिताने उभं केलेलं आहे. खेळण्यात जे खरं होतं ते इथे मानलेलं, आणि जे मानलेलं होतं ते खरं.

यावर पहिला आक्षेप असा की खेळण्याचा आणि सिम्युलेटरचा संबंध ओढूनताणून जोडलेला आहे. एक पोरांचं, दुसरं वैमानिकांच्या शिक्षणाचं. इतिहास मात्र उलटं सांगतो. एडविन लिंक याने १९२९ साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी आपलं विमान-शिक्षणयंत्र उभं केलं ते वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात. ऑर्गनला हवा पुरवणारे भातेच त्याने त्या छोट्या विमानाला डुलवायला वापरले. शिक्षणासाठी गिऱ्हाईक फारसं मिळेना, म्हणून यंत्रं गेली करमणुकीच्या जत्रांत. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं, खराब हवेत नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उडता न आल्याने काही आठवड्यांत अनेक जण गेले, आणि त्याच वर्षी सैन्याने सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात बसून शिकले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इथे जिवाची भीती नाही, वळणावर शरीर बाजूला फेकलं जात नाही, आणि आदळलेली गाडी एका बटणाने पुन्हा नवी होते, मग यात खरं काय उरलं? भीती नाही हे मान्यच करायला हवं. म्हणूनच पडद्यावर पटाईत झालेल्याने स्वतःला महामार्गावरचा पटाईत समजू नये. पण भीती वजा केली की कसब वजा होत नाही. पुढच्या चाकांची पकड सुटू लागते तसं चांगलं स्टिअरिंग हातात हलकं पडतं; ब्रेक किती दाबायचा यापेक्षा तो किती सावकाश सोडायचा हे पायाला उमगायला खूप फेऱ्या जातात. २००९ पासून हंगाम चालू असतानाच्या चाचण्यांवर कडक बंधनं आल्यावर फॉर्म्युला वनचे संघही सिम्युलेटरवर अधिकच विसंबू लागले. ग्रॅन टुरिस्मो हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळून निवडला गेलेला स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ २०११ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात संघासह दुसरा आला. एका माणसावरून सगळ्यांचं सिद्ध होत नाही, पण पडद्यावर शिकलेलं खऱ्या रस्त्यावर उतरू शकतं एवढं नक्की होतं.

राहता राहिला पळवाटेचा आरोप: खऱ्या जगात जमत नाही म्हणून माणसं खोट्या जगात राजे होतात. ज्यांना फुकट राजेपण हवं त्यांच्यासाठी सोपे खेळ ढिगाने आहेत. ग्रँड प्री लेजंड्स हा १९९८ सालचा खेळ पाहा. त्यात १९६७ च्या हंगामातल्या गाड्या होत्या, जमिनीकडे दाबून धरणारे पंख नसलेल्या, जरा जास्त वेग दिला की गर्रकन फिरणाऱ्या. नवख्याला एक फेरी धड पुरी करता येत नसे. तरी तो खेळ माणसांनी वर्षानुवर्षं सोडला नाही, उलट त्याच्यासाठी नवेनवे मार्ग स्वतः तयार केले. पळून जायचं असतं तर इतकी अवघड जागा कुणी निवडली नसती.

तुमच्या घरात कुणी रात्री जेवण झाल्यावर टेबलाला स्टिअरिंग अडकवून बसत असेल, तर त्याला ‘कधी मोठा होणार’ असं विचारण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसा आणि एक पूर्ण फेरी गाडी रस्त्यावर ठेवून दाखवा.