मागाठाण्याचे शेत

माझी नोकरी कृषी विस्ताराची. बी.एस्सी. ॲग्री झालो आणि तेव्हापासून आजतागायत दुसऱ्यांच्या बांधावरच हिंडतो आहे. पण राहतो कुठे म्हणाल, तर बोरिवलीला, मागाठाण्यात. मंडळी इथल्या शाळेत शिकवतात, म्हणून बिऱ्हाड इथे. सकाळी उठून पालघरची गाडी धरायची आणि दिवे लागणीला परत यायचे. गावोगावचे शेतकरी माझी थट्टा करतात. म्हणतात, "साहेब, तुमच्या बोरिवलीत भात कितव्या मजल्यावर लावतात?" मी हसतो. पण खरे सांगायचे तर मागाठाणे हे शेतीचेच गाव होते, आणि साधेसुधे नव्हे. त्याच्या शेताची नोंद दगडात कोरलेली आहे.

आमच्या घरापासून पूर्वेला कान्हेरीचा डोंगर. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून हजारएक वर्षे बौद्ध भिक्षू तिथे राहत होते. त्यातल्या एका लेण्यात यज्ञश्री सातकर्णी राजाच्या काळचा, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा लेख आहे. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने लेणे कोरवले, संघाला काही कार्षापणांची ठेव दिली आणि 'मंगलठाण' गावातले एक शेत दिले. मंगलठाण म्हणजेच आपले मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. अशा देणगीला त्या काळी 'अक्षयनीवी' म्हणत. मुद्दल मोडायचे नाही, उत्पन्न मात्र खायचे. मला हा शब्द फार आवडला. आपल्याकडे बियाण्याची कणगी काढून ठेवतात आणि कितीही ओढ लागली तरी तिला हात लावत नाहीत, तसाच प्रकार.

आता त्या शेतात काय पिकत असेल? लेखात पीक लिहिलेले नाही. पण आमच्या धंद्यातला माणूस जमीन पाहून सांगेल. साष्टी बेट म्हणजे काळ्या पाषाणाचा डोंगर मधोमध आणि चहूबाजूंनी खाडी. उत्तरेला वसईची, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला समुद्र. डोंगरातून मागाठाण्याकडे उतरू लागलो की आधी वरकस, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. नाचणी-वरीची. तिच्या खाली उतारावर बांध घालून केलेली खाचरे. आणि पार पश्चिमेला गोराईच्या खाडीकडे खाजण आणि मिठागरे. पावसाचे मान दोन हजार मिलीमीटरच्या वर. एका बाजूने दहिसर नदी, दुसऱ्या बाजूने पोईसर नदी, दोन्ही याच डोंगरात उगम पावतात. अशा जागी खरिपात भाताशिवाय दुसरे काय घेणार? भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकले असतील तेवढेच.

भिक्षूंना पाण्याची समज मात्र आपल्याहून जास्त होती. कान्हेरीला जाल तेव्हा मूर्ती पाहून परत फिरू नका. दगडात कोरलेल्या पन्हळी पाहा. वर कातळावर पडलेला पाऊस बारीक पन्हळीने लेण्याशेजारच्या टाक्यात येतो. लेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. लेण्या-लेण्याला पोढी आहे. पाणलोटावर व्याख्याने देताना मी सायफन, गॅबियन, सलग समतल चर असे शब्द वापरतो, तेव्हा मनातल्या मनात मला त्या पन्हळी दिसतात आणि थोडी लाज वाटते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण राजे बदलले तरी खाचरे तीच राहिली. सहाव्या शतकाच्या सुमारास मागाठाण्यातही लेणी कोरली गेली. आज ती घरांच्या गराड्यात सापडली आहेत. पत्ता विचारीत गेल्याशिवाय सापडत नाहीत. पुढे शिलाहार आले. त्यांच्या काळच्या लढायांची आठवण म्हणून एकसरला वीरगळ उभे आहेत. त्यांच्यावर चक्क गलबतांची लढाई कोरली आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. मंडपेश्वरच्या शिवलेण्याचे त्यांनी चर्च केले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांनी घेतली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. शेतसारा कोणाच्या कचेरीत भरायचा एवढेच काय ते बदलत गेले असावे.

गाव खरे हलले ते रेल्वेने. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे गाडी सुरू झाली आणि बोरिवलीला ती थांबू लागली. त्याआधी १८६० मध्ये विहारचा तलाव झाला होता, १८७९ मध्ये तुळशीचा झाला. ज्या डोंगराचे पाणी खाचरांना मिळत होते, त्यातले काही आता शहराच्या नळाला जाऊ लागले. तरीही स्वातंत्र्यानंतर पहिली काही वर्षे गाव गावच होते. १९५७ मध्ये महानगरपालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली. मग हमरस्ता, कारखाने, इमारती. २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि मागाठाणे नावाचे स्थानकही झाले. गाडीतली बाई गोड आवाजात 'मागाठाणे' म्हणते, तेव्हा मला वाटते, अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्याला गावाचे नाव तरी ओळखू येईल. शेत मात्र विचारू नये.

ते शेत विचारणारा एक माणूस मला भेटला. आमच्या इमारतीमागच्या जुन्या आळीत एक आजोबा राहतात. ऐंशी तरी ओलांडली असेल. दर पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या तळघरात, जिथे मोटारी ठेवतात तिथे, पाणी पाझरते. सोसायटीने दोनदा वॉटरप्रूफिंग करून घेतले. ठेकेदार हमी देऊन जातो आणि जुलैत पुन्हा भिंतीतून झरा. एकदा आम्ही चार जण तिथे डोक्याला हात लावून उभे होतो. आजोबा काठी टेकीत आले आणि म्हणाले, "हितं आमची खालची खाचरं व्हती. सगळ्यात पानथळ. दिवाळीपरेंत पाय रुतायचा. तुमी सिमेंट लावा नायतर सोनं लावा, पानी आपली जागा सोडत नाय."

चार मजली खर्च करून जे कळले नव्हते ते एका वाक्यात कळले. मी त्यांना घरी चहाला नेले. मग त्यांनी मला गाव दाखवले. म्हणजे गॅलरीत बसून बोटाने दाखवले. ते दुकान दिसते ना, तिथे खळे. बस थांबते तिथून वरचा बांध जायचा. तो वळला की मोरी, मोरीतून पाणी खालच्या खाचरात. कुणाची मोरी कुणी आधी फोडायची यावरून भांडणे. मी कागद घेऊन नकाशा काढू लागलो. पाण्याची वाट त्यांना अशी पाठ होती, जशी आपल्याला शाळेतली कविता.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता, ते साऱ्यांना आठवते. दहिसर नदीही तेव्हा पात्राबाहेर आली. आजोबा म्हणाले, त्या रात्री पाणी कुठे कुठे शिरेल ते त्यांना आधीच माहीत होते. पण त्यांना विचारले कुणी?

"विकली कधी?" मी विचारले.

"एकदम कुठं विकली? पैल्यांदा कडेची. मंग मधली. शेजारच्यानं विकली तवा त्याचा बांध गेला, आमच्याकडं पानी येयाचं बंद झालं. मंग भात होईना. मंग ठेवून काय करायचं?"

हे ऐकून माझा घास अडकला. कारण त्याच आठवड्यात मला धाकट्या भावाचा फोन आला होता.

आमचे गाव शहापूर तालुक्यात. वडिलांची दोन एकर भातजमीन दोघा भावांच्या नावावर आहे. कसतो तो, मी नुसता सल्ला देतो. आमच्या शेजारच्या तिघांनी जमिनी दिल्या आणि त्यांवर फार्महाऊसे झाली. आता आमच्यासाठीही गिऱ्हाईक आले होते. भाव असा की ऐकून मीसुद्धा खुर्चीत बसलो. भावाच्या मुलीला नर्सिंगला घातले आहे, तिची फी आहे. लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. सारे खर्च जाता हाती उरते ते घरच्या तांदळापुरते. त्याचे एकही म्हणणे खोटे नव्हते.

आणि एक गोष्ट गंमतीची म्हणावी की काय म्हणावी. मागाठाण्यात माझ्या नळाला जे पाणी येते ते बरेचसे आमच्याच तालुक्यातले. तानसा १८९२ मध्ये झाला तोही शहापुरात, आणि भातसा तर मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटेकरी. एप्रिल-मे उजाडला की आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. मी इकडे सकाळी दात घासताना नळ वाहू दिला की मंडळी ओरडतात, "तुमच्या गावचं पाणी आहे ते, बंद करा!"

मी भावाला म्हटले, फोनवर नको, तू इकडे ये. तो आला. रविवारी त्याला घेऊन कान्हेरीला गेलो. ब्राह्मी लिपी आम्हा दोघांना वाचता येत नाही, पण मंगलठाणच्या शेताची गोष्ट मी त्याला सांगितली. पोढ्या दाखवल्या. त्याने पन्हळीत बोट घालून उतार तपासला. शेतकऱ्याचे बोट ते, लगेच म्हणाला, "चांगला काढलाय उतार." परतताना आजोबांकडे नेले. नकाशा दाखवला. शेजारचा बांध गेला की काय होते, ते त्यांच्या तोंडून ऐकवले. मला वाटले, आता हा विरघळणार.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, गोष्ट चांगली आहे. पण त्या व्यापाऱ्यानं शेत दिलं तेव्हा ते कसायला गावात माणसं होती. आपल्या शेताला माणूस कोण? मी एकटा. तू बांधावर उभा राहून रोपात किती अंतर ठेवायचं ते सांगतोस आणि संध्याकाळची लोकल पकडतोस."

तीस वर्षे मी हजारो शेतकऱ्यांना चारसूत्री भातशेती शिकवली. तूस जाळून राख वाफ्यात घाला, गिरिपुष्पाचा पाला गाडा, नियंत्रित लावणी करा, गोळी खत चार चुडांच्या मधोमध खोचा. माझ्या स्वतःच्या शेतात ती कधी पुरी झाली नाही. भाऊ अजून राब भाजतो, कारण त्याला तेच एकट्याने जमते. मी त्याच्याशी वाद घातला नाही. घालायला तोंडच नव्हते.

कायद्याची एक बाजू मात्र त्याला नीट समजावली आणि तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण गिऱ्हाईक ती सांगत नाही. कूळकायद्याच्या ६३ कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. असेल नसेल ती सगळी जमीन विकून सातबाऱ्यावरून नाव गेले, की आपणच त्या रांगेत जाऊन उभे राहतो. आज विकलेली दोन एकर उद्या पैसे असूनही परत घेता येईलच असे नाही, आणि पोरांनाही शेतकरी म्हणून दाखला मिळायची पंचाईत. काहीही करायचे तर सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा आधी काढा, आणि पाण्याची वाट कोणाच्या गटातून येते ते लेखी करून घ्या. आमच्याकडे ते लेखी नव्हते. तोंडी चालत आले होते, मागाठाण्यासारखेच.

शेवटी असे ठरले. मुलीची यंदाची फी मी भरायची. गिऱ्हाइकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगायचे. थांबले तर थांबले. वरच्या बाजूच्या फार्महाऊसवाल्याला भेटून मोरीचे पाणी मागायचे. तो मुंबईचाच आहे. निघाला कुठला म्हणाल, तर कांदिवलीचा! त्याला भेटायला मी एकदा जाऊन आलो. माणूस वाईट नाही. त्याने बांध काढून हिरवळ केली आहे आणि पाणी गटारातून रस्त्यावर सोडले आहे. ते पाणी कोणाचे होते हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बघतो म्हणाला आहे.

लावणीसाठी मी पाच दिवसांची रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारले तेव्हा 'घरचे कार्य' असे लिहिले. भावाने यंदा अर्ध्याच वाफ्यावर राब भाजला, अर्धा माझ्या पद्धतीसाठी ठेवला आहे. तूस गिरणीतून आणून ठेवला आहे, गिरिपुष्पाचा पालाही बांधावर पुरेसा आहे. पाठ दुखणार हे आत्ताच कळते आहे.

काल आजोबांना सांगायला गेलो. त्यांना ऐकू कमी येते, दोनदा सांगावे लागले. मग म्हणाले, "चिखलनी नीट करा. आनि येताना वंजळभर भात आना. नवा."