हिवाळ्यातील सेंट जेम्स पार्क

लंडनच्या या उद्यानात पौषातील दिवस दुपारी चारच्या सुमारासच मावळतो. निष्पर्ण झाडांवर आपल्याकडचेच हिरवे पोपट कलकलाट करीत असतात. तळ्यावरचे पेलिकन १६६४ साली रशियन राजदूताने दिलेल्या भेटीची परंपरा सांगतात. त्यांना मासळी घालतात ती वेळ आपण टाळलेलीच बरी!

कुरवांचे काळे डोके हिवाळ्यात पांढरे होते, डोळ्यामागे केवळ एक ठिपका उरतो. हातात पाव दिसताच ते झेपावतात. दाणे टाकणे ही जीवदया, असे आपल्याला बालपणापासून शिकविलेले. येथे मात्र पक्ष्यांना काही घालू नये, अशी विनंती असते. पावाने पोट भरते, पोषण होत नाही. उरलेला कुजून पाणी नासते. आम्ही पिशवी न उघडता काठावर बसलो. कुरव घिरट्या घालून पाण्यावर उतरले.