भाट्याच्या खाडींत

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं असलेल्या खाडीस भाट्याची खाडी असें म्हणतात. उत्तरेच्या कांठीं राजिवड्याची दाट वस्ती, दक्षिणेस भाट्याची लांब पुळण व तिच्या पाठीशीं सुरूंचें बन, आणि या दोहोंस जोडणारा पूल, असा हा देखावा आहे. पावसकडे जाणारे भाविक पुलावरून एक दृष्टिक्षेप टाकून निघून जातात. हौशी प्रवासी सूर्यास्त पाहतात, झरी विनायकाचें दर्शन घेतात आणि आपण खाडी पाहिली असें समजतात. परंतु खाडी पाहावयाची असेल तर ती ओहोटीस पाहावी. पाणी ओसरूं लागलें कीं मधले दांडे हळूहळू उघडे पडतात, बगळे येऊन उभे राहतात, आणि त्यांच्यामागून माणसें येतात. बायका गुडघाभर पाण्यांत वांकून रेतींतून तिसऱ्या वेंचतात. पुरुष कमरेइतक्या पाण्यांत शिरून पागाचें जाळें फेंकतात. तें वर्तुळाकार जाळें हवेंत उघडतें, त्याच्या कडेचीं शिसें एकाच वेळीं पाण्यावर आपटतात, आणि क्षणभर पावसाची सर आल्यासारखा आवाज होतो. आमच्या घरीं मासा शिजत नाहीं. तरी तो आवाज ऐकण्यासाठीं मी आजवर शेंकडों वेळां त्या पुलावर उभा राहिलों आहें.

गेल्या नाताळच्या सुटींत माझा तेरा वर्षांचा नातू पुण्याहून आला होता. त्यानेंहि हा देखावा पुलावरून पाहिला व लगेच हट्ट धरला कीं, मला त्या माणसांबरोबर पाण्यांत उतरावयाचें आहे. मीं सपशेल नकार दिला. कारण विचारलें तेव्हां "पाण्यांत पाखट असतात" एवढेंच म्हणालों. तें खरें होतें, पण तें संपूर्ण कारण नव्हतें. संपूर्ण कारण चाळीस वर्षांपूर्वींचें आहे, आणि तें मीं आजपर्यंत माझ्या मुलांसहि सांगितलेलें नाहीं.

सन 1985 मध्यें मी नुकताच शिक्षकाच्या नोकरीस लागलों होतों. भरती-ओहोटीचा पाठ फळ्यावर शिकविण्यापेक्षां प्रत्यक्ष दाखवावा, या उत्साहानें मीं सहावीचा वर्ग भाट्यास नेला. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची सुमारें वेळ निघते, हें कोंकणांतील गणित मुलांकडून करवून घेतलें आणि ओहोटी साधून आम्ही पोंचलों. मुलें घोटाभर, मग गुडघाभर पाण्यांत गेलीं. त्यांत एक मुलगा मच्छीमाराच्या घरचा होता. तो पाय न उचलतां, रेतींतून ओढीत ओढीत चालला होता. मला तें आळसाचें लक्षण वाटलें. शाळेच्या व्हरांड्यांत मुलांनीं पाय घासत चालणें हें मला तेव्हां अगदीं खपत नसे. मी कांठावरून ओरडलों, "पाय उचलून चाल!" त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें. कांहीं बोलावें असें त्याच्या मनांत आलें असावें. परंतु गुरुजींस उलट बोलण्याची त्या वेळीं रीत नव्हती. त्यानें पाय उचलला. चौथ्या कीं पांचव्या पावलास तो किंचाळून खालीं बसला.

घोट्याच्या खालीं एक फाटलेली जखम होती व तींतून रक्त वाहत होतें. सर्पदंशावर बांधतात तसा मीं माझा रुमाल त्याच्या पोटरीवर करकचून बांधला आणि जखमेवर थंड पाणी ओतीत बसलों. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. असा करकचून बंध सर्पदंशावरहि बांधूं नये, असें वैद्यकशास्त्र आतां सांगतें. मुलगा पांढराफटक पडला होता. तिसऱ्या वेंचणारी एक म्हातारी धांवत आली, तिनें माझा रुमाल सोडून फेंकून दिला आणि मला म्हणाली, "मास्तर, ऊन पाणी आणा, ऊन!" कोठून आणणार? जवळचें घर गांठून पाणी तापवीपर्यंत बराच वेळ गेला. पुढें दवाखान्यांत जखम शिवली गेली. परंतु कांट्याचा एक तुकडा आंत राहून गेला होता. जखम चिघळली, दोन वेळां उघडावी लागली. मुलाची वार्षिक परीक्षा बुडाली, आणि जूनमध्यें तो शाळेंत परत आला नाहीं. बापाबरोबर होडीवर जाऊं लागला. मी त्याच्या घरीं दोनदां गेलों. दोन्ही वेळां त्याच्या आईनें मला चहा दिला व कोणीहि मला एका शब्दानें दोष दिला नाहीं.

या माशाविषयीं नंतर मीं जें जें मिळेल तें वाचलें. पाखट हा मुशीचा, म्हणजे शार्कचा, नातलग आहे. त्याच्या अंगांत हाड नाहीं, सारा सांगाडा कूर्चेचा. अंग थाळीसारखें चपटें, डोळे वरच्या अंगास, तोंड खालच्या अंगास. मागें चाबकासारखी लांब शेपटी. तो पिलांस जन्म देतो, अंडीं घालीत नाहीं. खेंकडे, कोळंबी, शिंपले हें त्याचें भक्ष्य, म्हणून भरतीबरोबर तो उथळ पाण्यांत येतो व ओहोटींतहि रेतींत अंग पुरून पडून राहतो. डोळे व त्यांच्यामागचीं श्वसनाचीं छिद्रें तेवढीं उघडीं असतात. त्याचा कांटा शेपटीच्या टोंकास नसतो. टोंकापासून बराच अलीकडे, शेपटीच्या वरच्या बाजूस असतो. त्याच्या दोन्ही कडांस मागें वळलेले करवतीसारखे दांते असून त्यावर पातळ त्वचेची म्यान असते. कांटा मांसांत शिरला कीं ती म्यान फाटते व खालच्या खोबणींतील विष जखमेंत उतरतें. बाहेर येतांना दांते मांस फाडीत येतात. कांटा मोडला तर नवा येतो. मात्र हा मासा कोणाच्या अंगावर चालून जात नाहीं. पाठीवर पाय पडून तो जागीं दाबला गेला म्हणजेच शेपटी उसळते. अपराध पाय देणाराचा असतो. माझ्या प्रसंगीं तर पाय देणाराचाहि नव्हता.

आपल्या प्राचीनांस ही गोष्ट अगदींच अज्ञात नव्हती असें दिसतें. सुश्रुताच्या कल्पस्थानांत जंगम विषाचीं सोळा अधिष्ठानें सांगितलीं आहेत; दृष्टि, निःश्वास, दंष्ट्रा, नख यांबरोबर अस्थि हेंहि एक आहे, आणि तेथें एका माशाच्या अस्थीचा नांवानिशीं निर्देश आहे. तो मासा हाच, असा आग्रह मी धरीत नाहीं. ग्रीक लोकांच्या एका कथेंत तर ओडिसियस हा महावीर पाखटाच्या कांट्याचें टोंक लावलेल्या भाल्यानें, आणि तोहि स्वतःच्याच न ओळखलेल्या पुत्राच्या हातून, मरतो. इतिहासांतील गोष्ट त्या मानानें सुखान्त आहे. सन 1608 मध्यें कॅप्टन जॉन स्मिथ हा इंग्रज अमेरिकेंतील चेसापीक उपसागरांत, रॅपाहॅनक नदीच्या मुखाशीं, उथळ पाण्यांत तरवारीनें मासे भोंसकीत होता. तरवारीवरून पाखट सोडवितांना त्याच्या मनगटांत कांटा शिरला. हात खांद्यापर्यंत असा सुजला कीं, सोबत्यांनीं त्याच्याच सांगण्यावरून थडगें खणून ठेवलें. संध्याकाळपर्यंत त्यास उतार पडला आणि रात्रीं त्यानें तोच मासा खाल्ला! त्या भूशिरास अद्याप पाखटाचेंच नांव आहे.

असो. नातवाचा हट्ट ओसरेना. शेवटीं मीं त्या विद्यार्थ्याकडेच जावयाचें ठरविलें. तो आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. स्वतःची होडी आहे, तरी सकाळची हौस म्हणून पाग घेऊन खाडींत उतरतो. चालतांना उजवा पाय किंचित् बाहेर टाकतो. मीं नातवाची इच्छा सांगितली. तो हंसून म्हणाला, "आणा की गुरुजी. पण शिकवीन मी, तुम्ही कांठावर बसायचं."

पौष शुद्ध चतुर्थी होती. ओहोटी सकाळीं नवाच्या सुमारास होती. विनायकीच्या दिवशीं मुलास मासे धरावयास नेतात काय, यावर घरांत बोलणें झालें, त्याचा विस्तार करीत नाहीं. नातवानें पुण्याहून आणलेले पातळ तळव्याचे बूट घातले होते. ते पाहून त्याचा नवा गुरु म्हणाला, "शिंपल्यापासून पाय वांचेल, पाखटापासून नाही. कांटा रबरांतून सुईसारखा जातो." मग त्यानें मुलाच्या हातांत एक बांबूची काठी दिली व पहिला पाठ दिला. पाऊल उचलावयाचें नाहीं. तळवा रेतीस टेंकलेलाच ठेवून पुढें सरकवावयाचा, आणि तोहि सावकाश, म्हणजे रेतीच्या हालचालीनें पाखटास वर्दी मिळते व तो आपण होऊन निघून जातो. बाजूनें पायाचा धक्का लागला तरी तो पळतो. वरून भार पडला तरच मारतो. काठी पुढें व दोन्ही अंगांस रेतींत टोंचीत जावयाची. पाणी गढूळ असेल तर अधिक सावकाश. आणि सर्वांत मुख्य म्हणजे जाळें ओढतांना माणूस नकळत मागें पावलें टाकतो, तेव्हांहि पाय घासतच मागें यावें. बहुतेक जाणते लोक तेथेंच चुकतात.

हीच युक्ति साता समुद्रांपलीकडील लोकांसहि सुचली आहे. अमेरिकेंतील टेक्सासच्या किनाऱ्यावर लगुना मादरे नांवाचें लांबच लांब उथळ खाजण आहे. तेथें हौशी लोक पाण्यांत उतरून, हातांत गळ घेऊन, तासन्‌तास उभे असतात. ते घोट्याभोंवतीं कांटा शिरूं नये अशीं कठीण आवरणें बांधतात, पण भरंवसा घासत्या पावलांवरच ठेवतात. तेथें लहान मुलांस ही चाल प्रथम शिकवितात. मीं शाळेंत नेमकी तीच मोडावयास लावली होती.

मुलगा पाण्यांत असतां मी दगडावर बसून होतों. पण बसलों होतों म्हणणें खरें नाहीं. माझ्या पिशवींत ऊन पाण्याच्या दोन मोठ्या थर्मास बाटल्या, स्वच्छ फडकीं आणि एक लहान घमेलें होतें. त्या म्हातारीचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. पाखटाचें विष उष्णतेनें नरमतें. म्हणून जखमी माणसास प्रथम पाण्याबाहेर काढावें, रक्त दाबून थांबवावें, जखम धुवावी, आणि पाय सोसवेल तितक्या ऊन पाण्यांत अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत ठेवावा. पाणी 45 अंश सेल्सियसपेक्षां अधिक तापलेलें नसावें, व त्याची परीक्षा दुसऱ्या माणसाच्या हातानें करावी. वेदनेनें व्याकुळ झालेल्या पायास भाजल्याचें कळत नाहीं. वेदना पहिल्या तास-दीड तासांत वाढत जाते, आणि उपाय न केल्यास दोन दिवसहि टिकते. ऊन पाण्यानें दुःख थांबलें तरी डॉक्टरांकडे गेलेंच पाहिजे. आंत तुकडा राहिला आहे कीं काय हें क्ष-किरणांनीं पाहावें व धनुर्वाताची लस घ्यावी. छातींत, पोटांत किंवा मानेंत कांटा रुतला असेल तर तो उपटूं नये, तसाच ठेवून रुग्णालय गांठावें. सन 2006 मध्यें ऑस्ट्रेलियांत स्टीव्ह आयर्विन हा प्रसिद्ध प्राणिप्रेमी छातींत कांटा लागूनच मरण पावला. असें क्वचित् होतें. पायाचीच जखम नेहमींची. पण मधुमेही माणसाची किंवा यकृताच्या रोग्याची ती जखम खाऱ्या पाण्यांतील जंतूंमुळें घातक होऊं शकते, आणि अशांनीं पायास कापलेलें असतां खाडींत उतरूंच नये.

मासे धरणारांसच हें सांगणें आहे असें वाचकांनीं समजूं नये. सन 2013 च्या गणेशोत्सवांत, दीड दिवसाच्या विसर्जनाच्या वेळीं, मुंबईस गिरगांवच्या चौपाटीवर अनेक भाविकांच्या पायांस पाखटांनीं इजा केली. गणपति डोक्यावर घेऊन पाण्यांत शिरणारा मनुष्य पाऊल उचलूनच टाकतो, आणि पायांखालीं पाहूं शकत नाहीं. पुढील वर्षांत महानगरपालिका विसर्जनापूर्वीं याविषयीं सूचना देऊं लागली.

तासाभरानें दोघे परत आले. जाळ्यांत बोय होते, एक शेंगटी होती (तिच्याहि कांट्यास जपावें लागतें), आणि तळहाताएवढा एक पाखट. त्यानें तो शेपटीस न शिवतां, जाळें पाण्यांतच उलटून, सोडून दिला. नातवाला त्यानें कांटा लांबून दाखविला होता. मुलगा भारावून गेला होता. पुण्यास मित्राकडे आपण मासे खातों, हेंहि त्यानें त्या भरांत सांगून टाकलें.

मीं त्या विद्यार्थ्यास म्हटलें, "तुला त्या दिवशीं मीं पाय उचलायला लावला." हें वाक्य मीं चाळीस वर्षें मनांत घोळविलें होतें. तो जाळें पिळीत होता. त्यानें वर पाहिलें नाहीं. "आठवतं की," तो म्हणाला, "वर्गांत ते बरोबरच होतं, गुरुजी." मग जाळें खांद्यावर टाकून त्यानें विचारलें, "त्या बाटल्यांतलं पाणी अजून ऊन असेल, तर चहा करायचा का?"

घरीं आल्यावर नातू अंगणांतून ओटीपर्यंत पाय घासत आला. आंतून त्याच्या आजीचा आवाज आला, "अरे, पाय उचलून चाल!" मी कांहीं बोललों नाहीं.